फोनात आलेलं आवतण

पत्र कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतून आलंय. लिहिणाऱ्या ताई एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सूनबाई आहेत. नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र मोठं आहे, त्यातला मुद्द्याचा भाग त्यांच्याच शब्दांत देते.

'आमच्या चुलत दिरांच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे. दीर पुण्यात असतात, लग्न मात्र कोल्हापुरातल्या कार्यालयात. पत्रिका भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ म्हणून आली, पाठोपाठ गाणं लावलेला व्हिडिओ. मी घाईत अंगठा टाकला आणि खाली "अभिनंदन, आम्ही सगळे नक्की येणार" असं लिहिलं. संध्याकाळी सासऱ्यांना, म्हणजे आबांना, सांगितलं. त्यांच्याकडं साधा बटणांचा फोन आहे. ते म्हणाले, "घराला आवतण न्हाई. फोनात आलंय तर फोनालाच जेवाय घाला म्हणावं." हे दीर कॉलेजला असताना आमच्याच घरी राहून शिकले. त्यांचे वडील गेल्यापासून भावकीत आबाच थोरले. पत्रिकेवर वर "श्री जोतिबा प्रसन्न" आणि खाली निमंत्रकांत पहिलं नाव आबांचं, तेही न विचारता छापलेलं. सासूबाईंनी रागारागानं नणंदेला व्हॉइस मेसेज केला, तो चुकून ग्रुपवर गेला. डिलीट केला, पण तोवर काहींनी ऐकला होता. माझे मिस्टर ग्रुपमधून लेफ्ट झाले आणि "वेळ आली की माणसं कळतात" असं स्टेटस ठेवलं. भावकीत त्याच संध्याकाळी बोभाटा. जाऊबाईंना मी वेगळा मेसेज केला, त्यावर निळ्या टिका येऊन आठवडा झाला, उत्तर नाही. गंमत म्हणजे आबांची धाकटी बहीण, आमच्या आक्का, तेवढ्या खूश आहेत. त्या विधवा आहेत, आमच्यातच राहतात. म्हणाल्या, "मला तर पहिल्यांदाच सगळ्यांच्या बरोबरीनं आवतण आलं." आता मी आबांना समजवू, दिरांना फोन करू, की मिस्टरांना परत ग्रुपवर घ्यायला सांगू? घरात सगळे म्हणतात, तू अंगठा टाकला नसतास तर एवढं झालं नसतं. आणि जायचं नाही असंच ठरलं तर आहेर फोनवरून पाठवला तर चालेल का?'

ताई,

अंगठ्याचं आधी मिटवून टाकू, कारण तुमची झोप त्यानंच उडवलेली दिसतेय. तुम्ही अंगठा टाकला नसता तरी आबा हेच बोलले असते. तुमच्यामुळं एवढंच झालं की घरातली नाराजी बाहेर पडायच्या आधी घराचा होकार बाहेर पडला. पत्राच्या न छापलेल्या भागात तुम्ही लिहिलंय की ग्रुपवर कुणाचा वाढदिवस, कुणाचं बारसं, कुणाला श्रद्धांजली, सगळं घराच्या वतीनं तुम्हीच टाइप करता. वर्षभर घराची कारकुनी तुमच्या गळ्यात घालायची आणि एकदा सही आगाऊ पडली की सगळ्यांनी तुमच्याकडं बोट दाखवायचं, हे काही बरोबर नाही. पुढच्या वेळी अभिनंदन तेवढं करा. 'येणार' हे ज्याला त्याला आपल्या तोंडानं सांगू द्या.

आता आबा. ते रुसलेत असं घरात सगळे धरून चाललेत, मला तसं वाटत नाही. ते बोलले ते अक्षरशः खरं आहे. त्यांच्याकडं बटणांचा फोन, ते ग्रुपवर नाहीतच. म्हणजे पत्रिका भावकीतल्या झाडून सगळ्यांना पोचली, कॉलेजातल्या पोरासोरांनासुद्धा, आणि निमंत्रकांत ज्यांचं नाव पहिलं तेवढा एकच माणूस राहिला. त्यांना लग्नाची तारीख सुनेच्या तोंडून कळली, तीही सुनेनं होकार कळवून झाल्यावर. यावर चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसानं काय करावं अशी अपेक्षा होती? व्हिडिओला टाळ्या?

आपल्याकडं एक रिवाज आहे, तुम्हालाही ठाऊक असेल. दुःखाला न बोलावता जायचं, सुखाला बोलावल्याशिवाय जायचं नाही. पेठेत कुणी गेलं की तालमीच्या फळ्यावर खडूनं नाव येतं, खाली रक्षाविसर्जनाची वेळ येते. जाणारा-येणारा वाचतो आणि त्या वेळेला पंचगंगेवर माणसं हजर असतात. मला वेगळं कळवलं नाही, अशी तक्रार तिथं कुणी करत नाही. पुराचंही तसंच. पावसाळा लागला की आख्ख्या जिल्ह्याच्या फोनवर राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी फिरायला लागते. 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका, राधानगरी धरणाच्या 7 स्वयंचलित दरवाजांतले किती उघडले. 2019 ला आणि परत 2021 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, शहर तुटलं, तेव्हा कोण कुठल्या मजल्यावर अडकलंय, कुणाच्या गोळ्या संपल्यात, दूध कुठं मिळतंय, हे अशाच ग्रुपांवरून कळत होतं. 'अमक्यानं मला फोन न करता ग्रुपवर कसं टाकलं' असं त्या दिवसांत कुणाच्या मनातही आलं नसेल.

भावकीचा ग्रुप म्हणजे तालमीचा फळा. त्या कामाला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. तुमच्या दिरांनी फळ्यावर लग्न लिहिलं, आणि तिथंच बिनसलं.

सुखाचं आवतण फळ्यावर का चालत नाही? कारण त्यात बातमी नसतेच. लग्न ठरलंय हे भावकीला सुपारी फुटल्यापासून माहीत असतं. मुलगा काय करतो, फ्लॅट कुठं घेतलाय, सोनं किती घालणार, सगळं पोचलेलं असतं. तरी माणूस गाडी काढतो, उन्हातनं येतो, नको नको म्हणत चहा घेतो, कुंकू लावतो, पत्रिका हातात देतो आणि 'आधीपासनं यायचं हं, पाहुण्यासारखं नाही' असं म्हणतो. जे आहे ते त्या खटपटीत असतं. दिरांनी पीडीएफ पाठवून जी खटपट वाचवली, नेमकी तीच आबांना हवी होती.

शिवाय यादी. आवतणाला निघायच्या आधी थोरली माणसं बसून यादी करायची. आधी देव, मग मामा, मग भावकीतली थोरली घरं, मग सोयरेधायरे, मग शेजारपाजार. कुठल्या घरी नवरा-बायकोनं जोडीनं जायचं, कुठं नुसतं पोराला पाठवलं तरी भागतं, हे त्या यादीत न लिहिता लिहिलेलं असायचं. ग्रुपला असा क्रम नाही. तुमचं घर आणि परवा सोयरीक जुळलेला पाहुणा, दोघांना एकाच क्षणी एकच फाइल.

हे पहिल्यांदा घडतंय असंही समजू नका. पत्रिका छापून टपालानं जायला लागल्या तेव्हा समक्ष येणं चुकलंच होतं. म्हणून तर पत्रिकेच्या तळाला 'नजरचुकीनं आमंत्रण राहिलं असल्यास हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं' अशी ओळ येऊन बसली. ती माफीच आहे, छापील. तुमच्या पीडीएफवर ती आहे का बघा. असेल तरी आबांनी ती वाचलेली नाही. मरणाचं पोस्टकार्ड आलं की वाचून लगेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही, हाही नियम लोकांनीच बसवला, टपाल खात्यानं नव्हे. तारेवाला दारात दिसला की तार उघडायच्या आधीच घरात रडारड सुरू व्हायची, मग तार नोकरीची का असेना. 2013 च्या जुलैत तार बंद झाली आणि ती धास्तीही संपली. साधन आधी येतं, त्याची रीतभात मागून, सावकाश. व्हॉट्सॲप 2009 चं असलं तरी आपल्या भावक्यांमध्ये ते शिरलं 2016 नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. रीत अजून बसायचीय. तोवर तुमच्यासारख्या घरांत भांडणं होणार.

तुमच्या पत्रातली जी ओळ मी परत परत वाचली ती आबांची नाही, आक्कांची.

जुन्या आवतणाचं कौतुक करताना आपण एक गोष्ट सोयीनं विसरतो. कुंकवाचा करंडा घेऊन बाई दारात आली की तिच्यासमोर कोण यायचं आणि कोण आतल्या खोलीत निघून जायचं? आक्का आत जात असणार. कुणी जा म्हणायची गरजही पडत नसेल, इतकं ते अंगवळणी पडलेलं. 'घराला आवतण' म्हणजे त्यात त्या आल्याच, असं म्हणायचं. पण कपाळाला बोट लागायचं नाही, हळदीला 'तुम्हीपण या' असं कुणी म्हणायचं नाही. बुंदी पाडायला, भाज्या चिरायला मात्र दोन दिवस आधी निरोप. 2022 च्या मे महिन्यात आपल्याच जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. मोठी गोष्ट होती. पण ठराव झाला म्हणून करंडा हातात घेतलेली बाई दारात थबकायची थांबत नाही, हे आक्कांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि मग एक दिवस त्यांच्या स्वतःच्या फोनवर, भावजयीला आलं तेच, सुनांना आलं तेच, त्याच मिनिटाला. कुणी थबकलं नाही. पीडीएफला कोण सवाष्ण आणि कोण विधवा ते कळत नाही. कोण थोरलं आणि कोण धाकटं तेही कळत नाही. एकाच अडाणीपणानं आक्कांना मान दिला आणि आबांचा काढून घेतला.

त्यामुळं 'पूर्वीची माणसं, पूर्वीची माया' हे पालुपद मी लावणार नाही, तुम्हीही आबांसमोर लावू नका. त्यात आणखी एक. ती घरोघरची पायपीट निम्म्याहून जास्त बायकांचीच असायची. दिवसभर आवतणं द्यायची आणि घरी येऊन परत भाकरी थापायच्या. एखादं घर राहिलं तर ठपका त्यांच्यावर. आज तोच ठपका तुमच्या अंगठ्यावर आलाय. ठपका द्यायची जागा काही बदलली नाही.

दिरांची बाजूही घेते, कारण ते पत्र लिहायला आलेले नाहीत. पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, हायवेची अवस्था तुम्ही जाणताच. भावकी कोल्हापुरात एका गल्लीत राहिली असती तर गोष्ट वेगळी. कोण कागलला, कोण गडहिंग्लजला, कोण निपाणीला, कोण इचलकरंजीला. नोकरी करून, मुलीचं लग्न अंगावर घेऊन, शनिवार-रविवारात एवढी घरं कोण गाठणार? आणि मला तर दाट शंका आहे की आबांकडं यायचं त्यांच्या मनातच आलं नसेल, कारण 'घरच्यांना कसलं आवतण द्यायचं'. निमंत्रकांत पहिलं नाव आबांचं घातलं म्हणजे त्यांच्या लेखी आबा पाहुणे नाहीतच, यजमान आहेत. तुम्ही हे नाव तक्रार म्हणून लिहिलंत. मला त्यात वाट दिसते. आबा म्हणतात मला बोलावलं नाही. दीर म्हणत असतील, ज्यांच्या नावानं मी बोलावतोय त्यांना मी काय बोलावू? दोघंही एकाच रितीला धरून बोलतायत. दिरांची चूक एकच, नाव छापायच्या आधी 'आबा, तुमचं नाव घालतोय हं' असा फोन करायला हवा होता. दोन मिनिटांचं काम होतं.

आता निळ्या टिका, लेफ्ट होणं, स्टेटस. घरातला निम्मा ताप यांनी वाढवलाय.

निळी टिक 2014 च्या नोव्हेंबरात आली. ती सांगते एवढंच, की मेसेज त्या फोनवर उघडला गेला. कुणी उघडला, कुठल्या घाईत, पुढं काय लिहायचं ते सुचलं की नाही, यातलं काहीच ती सांगत नाही. लग्नघरात फोन दहा हातांतून फिरतो. आणि जाऊबाईंनी तो व्हॉइस मेसेज ऐकला असेल तर? ऐकल्यावर तुम्हाला काय लिहावं त्यांनी? काही लिहिलं असतं तर ते सासूबाईंच्या विरुद्ध गेलं असतं. न लिहिण्यात समजूतदारपणाही असू शकतो. आठवडाभर तुम्ही त्या टिकांकडं बघून जे जे मनात रचलंत त्यातलं बरंचसं त्यांच्या गावीही नसेल. मेसेजवर मेसेज नको, फोन करा. 'खरेदी झाली का? मी काय मदत करू?' एवढंच विचारा. आबांचा विषय तुम्ही काढू नका.

मिस्टरांच्या लेफ्ट होण्यात तर एक मजा आहे. 2022 पासून कुणी ग्रुप सोडला तर ते फक्त ॲडमिनला दिसतं, बाकीच्यांना आपोआप कळत नाही. पूर्वीसारखी ग्रुपभर दवंडी पिटली जात नाही. मग संध्याकाळपर्यंत आख्ख्या भावकीला कसं कळलं? ॲडमिननं एकीला सांगितलं असणार, तिनं दुसरीला. म्हणजे हे काम फोनचं नाही, हे आपलं जुनंच, नळावरचं. मोबाइलला शिव्या घालताना एवढं लक्षात असू द्या.

स्टेटस मात्र आजच काढायला सांगा. तसं ते चोवीस तासांत आपोआप गेलं असेल, पण रोज नवीन टोमणा ठेवायची सवय लागते माणसाला. समोर बसून 'तू चुकलास' म्हणण्याचं धाडस नसलं की माणूस स्टेटस ठेवतो, आणि मग कोणी कोणी बघितलं ती यादी चाळत बसतो. ज्याच्यासाठी ठेवलं तो समजूनही गप्प बसतो, ज्यांचा संबंध नाही अशा चाळीस जणांना वाटतं हे आपल्यालाच. आपल्या शहराला तरी हे कुणी शिकवायला नको. 2023 च्या जूनमध्ये काही मोबाइल स्टेटसवरून इथं बंद झाला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. तुमच्या घरचं प्रकरण त्याच्यापुढं काहीच नाही, पण काडी तशीच पेटते.

सासूबाईंबद्दल माझं मत तुम्हाला पटणार नाही कदाचित. एवढ्या सगळ्या रामायणात मनातलं सरळ बोलून दाखवणारी ती एकच बाई आहे. फक्त पत्ता चुकला. ग्रुपवर माफी मागायला त्यांना अजिबात लावू नका. तिथं माफी मागितली की ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही विचारायला लागतील काय बोलल्या होत्या म्हणून. पुतण्याला लहानपणापासून जेवू घातलंय त्यांनी, भेटेल तेव्हा दोन शब्द ऐकवतील आणि वरून वाढतीलही. त्यांचं त्या बघून घेतील.

तर करायचं काय. दिरांना फोन मिस्टरांनी करायचा, तुम्ही नाही. तुम्ही केलात तर 'वहिनींनी कान भरले' असं एक नवीन उपकथानक निघेल. चुलत भाऊ एका ताटात जेवलेले आहेत, त्यांना एकमेकांना झापायचा हक्क आहे, तो वापरू देत. मेसेज नाही, व्हॉइस मेसेज तर नाहीच नाही. सरळ फोन लावायचा. तुमचे मिस्टर 'मी कशाला पहिला फोन करू' म्हणतील. त्यांना म्हणावं, 2025 साली नांदणी मठाच्या माधुरी हत्तिणीला गुजरातला, रिलायन्सवाल्यांच्या वनतारात नेलं तेव्हा या जिल्ह्यातल्या कितीतरी लोकांनी निषेध म्हणून जिओ सोडून मोबाइलची कंपनी बदलली. हत्तिणीसाठी आपण नंबर पोर्ट करतो; भावासाठी तो फिरवायला काय हरकत आहे?

आणि फोनवर 'आबांना आवतण द्यायला ये' असं म्हणायचं नाही. तसं म्हटलं की दीर आले तरी सांगून आले असं होईल, आणि आबांना ते दारात पाऊल टाकताक्षणी कळेल. या वयाच्या माणसांना हे फार लवकर कळतं. म्हणायचं असं: 'पत्रिका देवाला ठेवलीस का? नसशील ठेवली तर येत्या रविवारी ये, आबांना घेऊन जोतिबाला जाऊन येऊ.' पत्रिका पीडीएफ असली तरी देवासाठी आणि मानाच्या घरांसाठी पंचवीस-तीस प्रती छापलेल्या असतातच. नसतील तर छापून घेता येतात, प्रिंटिंगवाले एका दिवसात देतात. पीडीएफ पाठवून जोतिबाला अजून कुणी भागवलेलं नाही. पहिली पत्रिका देवापुढं ठेवायची ती घरातल्या थोरल्यानं, हा आबांचाच मान आहे, आणि तो कुणी रागावल्यामुळं दिलेला मान नाही. रविवारी वाडी रत्नागिरीवर, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, गर्दी असते, पार्किंगला अर्धा तास जातो, हे धरून चाला. गाडीत दोघांना शेजारी बसवा आणि मागं पोरांना फोनवर व्हिडिओ लावू देऊ नका. डोंगर चढेपर्यंत निम्मं बोलणं आपोआप होईल. उतरताना कपाळाला गुलाल असेल, तेव्हा राग धरून बसायला माणसाला अवघड जातं.

घरी परतल्यावर दिरांनी, आणि जाऊबाई आल्या तर त्यांनी, पत्रिका आबांच्या हातात द्यावी. दुसरी आक्कांच्या हातात, कुंकू लावून. हे दुसरं तुमच्याकडून व्हायला हवं, तुम्ही जाऊबाईंना आधी कानात सांगून ठेवा. त्यांना फोनवर एकदा मिळालेला मान दारातही मिळतो का, ते आक्का बघत असणार. आबा आक्षेप घेतील असं तुम्हाला वाटतंय का? मला वाटत नाही. सख्खी बहीण आहे. घेतलाच तर त्यांना विचारा, आवतण घराला आहे ना, मग घरात कोण कोण येतं?

दीर आलेच नाहीत तर? तर त्यांनी आबांच्या बटणांच्या फोनवर स्वतः फोन करावा आणि 'आबा, तुमच्याशिवाय अक्षता पडायच्या नाहीत' एवढं बोलावं. व्हिडिओ कॉल नको, त्यासाठी पुन्हा कुणाचा तरी फोन आबांच्या तोंडापुढं धरावा लागतो आणि माणूस बोलायचं सोडून हात हलवत बसतो. आवाज पुरतो. पण येणं आणि फोन करणं सारखंच आहे असं मी म्हणणार नाही. नुसत्या फोनवर आबा आले तर त्यांचा मोठेपणा समजा, नाही आले तर हट्ट म्हणू नका.

आबा नाहीच म्हणाले तर त्यांना ओढून नेऊ नका. त्यांना घरी राहायचा हक्क आहे. पण त्यांच्या नाहीवर बाकीच्यांनी आपापले राग भागवून घेऊ नयेत. तुम्ही, मिस्टर, आक्का, पोरं, सगळ्यांनी जायचं, तेही अक्षतांपुरतं नाही, हळदीपासून. मुलीचा यात काय दोष? तिनं बिचारीनं व्हिडिओचं गाणं हौसेनं निवडलं असेल.

ग्रुपवर मिस्टरांनी परत यावं का, याचं उत्तर सोपं आहे: आत्ता नको. आत्ता आले तर 'आला बघा वळणावर' असं होईल. लग्नाच्या फोटोंसाठी ॲडमिन त्यांना आपोआप घेतील. तोवर ग्रुपशिवाय त्यांचं काही अडत नाही, निरोप पोचवायला तुम्ही आहातच; फक्त तेही काम थोडं कमी करा म्हणते मी. आबांना मोठा फोन घेऊन देऊन ग्रुपवर घ्यायचा बेत कुणी काढला तर त्यांना आधी विचारा, हवाय का. नको म्हणाले तर विषय संपला, भावकीनं त्यांच्याशी बोलताना बटणं दाबायची.

राहिला आहेर. जाणार नसाल तर फोनवरून पैसे पाठवू नका. तुमच्या बाजूनं ती रीत असेल, त्यांच्या बाजूला ते बिल चुकतं केल्यासारखं पोचेल, आणि त्या अर्ध्या रुसलेल्या घरातून आलेल्या रकमेचा स्क्रीनशॉट कुठं कुठं जाईल सांगता येत नाही. न जाता आहेर द्यायचाच तर लग्न झाल्यावर पोरगी-जावई जोतिबाला, अंबाबाईला येतीलच, तेव्हा जेवायला बोलवा आणि घरी द्या. जाणार असाल तर पाकीट न्या, वर एक रुपया चिकटवलेलं. 'आहेर आणू नये' असं पत्रिकेत छापलेलं असलं तरी न्या, चुलत्याच्या घराला ते लागू होत नसतं. पाकिटावर नाव आबांचं घाला, ते आलेले असोत किंवा नसोत. मात्र घालायच्या आधी त्यांना विचारा.